एक सूप कोंडा

मंगळवार, १४ डिसेंबर १९४८. सकाळचे दहा.

हजर: मी. गाडीवान धोंडिराम. शेजारची सरूबाई सुतारीण. आणि गाडीत, जुन्या लुगड्यात बांधलेलं एक सूप.

गैरहजर: इमाम पिंजारी. त्याची बायको हलीमाबी. त्यांची मुलगी कोंडा, वय तेरा.

जवळाबाजारपासून दोन कोसांवरच्या या गावात मी आठ वर्षांनी उभी होते. वहीत हजेरी लिहून झाली आणि पुढं काय लिहावं ते सुचेना. पिंजाऱ्याच्या दाराला कुलूप नव्हतं. कडीत तारेचा एक पीळ घातलेला होता आणि तो गंजला होता. दाराशेजारच्या मातीच्या भिंतीत मात्र अजून कापूस होता. वर्षानुवर्षं पिंजताना उडालेले तंतू गिलाव्याला चिकटून राहिले होते आणि वाऱ्यानं हलत होते. मी बोट लावून पाहिलं. ते अजून मऊ होते.

या दारातून सहा वर्षं मी एकच आवाज ऐकला. पिंजणाची तात, म्हणजे आतड्याची ताणलेली दोरी, लाकडी मोगरीच्या ठोक्यानं थरथरायची. टंग, टंग, मग जरा उसंत, मग टंग. सकाळी दवाखान्याचं दार उघडताना तो असायचा, दुपारी पट्ट्या उकळताना असायचा, संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना असायचा. इतका की तो थांबला तरच माझी मान वर व्हायची. तो थांबून तीन महिने झाले, असं सरूबाईनं सांगितलं. मी मान वर करून नुसती उभी राहिले.

मी नगरकडची. चौतीस सालच्या कार्तिकात आमच्या चर्चच्या मंडळीनं मला इकडं पाठवलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मंडळीतल्या बायका चूल पेटवताना रोज एक मूठ ज्वारी बाजूच्या मडक्यात टाकायच्या. त्या मुठींवर मी इथं राहणार होते. निरोपाच्या पत्रकात माझ्या नावापुढं 'परदेशी सेवेकरिता' असं छापलं होतं, ते वाचून माझे वडील हसले होते. "परदेश कसला गं, गोदावरी उतरली की आला."

पण निजामाचा मुलूख परदेशच निघाला. नाक्यावर कारकुनानं माझी पेटी उघडली आणि पट्ट्यांची भेंडोळी एकेक करून उलगडली. "एवढ्या कशाला? कुठं जंग चाललीय का?" दवाखान्यासाठी, असं मी सांगितलं. "मग बराबर आहे," असं म्हणून त्यानं सगळ्या पट्ट्या तशाच, उलगडलेल्या, माझ्या ओंजळीत दिल्या. त्या गुंडाळायला मला उरलेला सगळा रस्ता पुरला. सरकारी कागद उजवीकडून डावीकडे लिहिलेले. माझी मराठीही इथं परकीच. मी बोलले की बायका पदर तोंडाला लावायच्या. "बाई पोथीवानी बोलून राहिल्या."

तिसऱ्या दिवशी मी घागर घेऊन विहिरीवर गेले. पायऱ्यांवरच्या बायका बाजूला सरल्या. मला वाटलं, मान देताहेत. कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोन्या लोकाच्या?"

मी म्हटलं, ख्रिस्ती.

"ते झालं. त्याच्या आदी?"

मी खरं सांगितलं. आमच्या आजोबांपर्यंतचं. म्हातारा रागावला नाही. "मंग घागर खाली ठेवा," एवढंच म्हणाला.

मी घागर खाली ठेवली. किती वेळ तशी उभी होते ते आठवत नाही, पितळेला लागलेलं ऊन तेवढं आठवतं. मग एक उंच, हाडकुळी बाई खालून पायऱ्या चढून आली. तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापसाचं पीस बसलेलं होतं. तरुण असून म्हातारी दिसत होती. तिनं कोणाला काही न विचारता माझी घागर उचलली, भरली, माझ्या दारापर्यंत आणून दिली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून हसत विचारलं, "पिंजाऱ्याचं पानी चालतं का तुमाला? का तुमचंबी काही हाय?"

ती हलीमाबी. त्या दिवसापासून रोज सकाळी दोन घागरी. बाळंतपणाचे दिवस सोडले तर सहा वर्षांत एकही दिवस खाडा नाही. अंगात ताप असला तरी नाही.

दिवस मी ठरवून घेतला होता. पहाटे उठणे, प्रार्थना, पाणी उकळणे, आठ वाजता हातातली घंटा वाजवून दवाखाना उघडणे. डोळे आलेली लेकरं आधी, तापाचे नंतर, नारूवाले शेवटी. नारूचं काम घाईचं नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यातून तो पोटात जायचा आणि वर्षानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. त्याला काडीवर घ्यायचा आणि रोज एक वेढा द्यायचा, जास्त नाही. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. मी माणसांच्या घोट्यांवर काड्या बांधून, पंधरा-पंधरा दिवस, एकेक वेढा देत बसायची. कार्बोलिकचा वास, निंबाच्या पाल्याचा वास, आणि उन्हाळ्यात सगळ्यांवर मात करणारा तापलेल्या काळ्या मातीचा वास. भेगाळलेल्या रानात शेळ्यांचे पाय अडकायचे. पावसाळ्यात तीच माती चाकांना धरायची आणि दोन-दोन आठवडे टपाल यायचं नाही. मग हिवाळा. वेचणीचा कापूस, सरकीचा तेलकट वास, हुरड्याचा धूर, आणि दिवसभर पिंजणाचा आवाज.

लोक औषधाला यायचे. बाकी कशाला यायचे नाहीत. रविवारी सकाळी मी दवाखान्याची बाकं रांगेत मांडायची, स्वच्छ लुगडं नेसायची आणि उपासना चालवायची. वहीत त्या दिवसाची नोंद करायची: हजर, एक. गाणं म्हणताना वरचा सूर मी म्हणायची, आणि खालचा कोणी म्हणत नाही म्हणून कडव्याकडव्यानं बदलून तोही मीच म्हणायची. दर तीन महिन्यांनी नगरला अहवाल जायचा. त्यात एक रकाना होता, 'नवे विश्वासणारे'. त्यात मी आडवी रेघ मारायची. रोगी किती, पट्ट्या किती, क्विनीन किती, सगळं बिनचूक आणि सुवाच्य, आणि त्या रकान्यात रेघ. तिकडं बायका रोज मूठ काढत होत्या. मला ती मूठ दिसायची.

हलीमाबीची चार लेकरं गेली होती. मी रोग्यांच्या वहीत लिहिण्यासाठी त्यांची नावं विचारली तेव्हा ती म्हणाली, "नाव नका पुसू. नावानंच गेले. मौतीला नाव कळलं का ती दार पुसत येते."

पाचव्या वेळचे दिवस भरले तेव्हा मी तिला माझ्या दवाखान्यात ठेवलं. मुलगी झाली, दोन बोटांत मनगट मावेल एवढी. चाळीसाव्या दिवशी सकाळी हलीमाबी पाण्याच्या घागरी घेऊन आली नाही. ती सूप घेऊन आली. सुपात चिंध्यांवर ते लेकरू होतं. तिनं सूप माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि चार पावलं मागं सरून पाठ करून उभी राहिली.

मी म्हटलं, "हलीमाबी, हे काय?"

"इकून राहिले," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "कोंडा देऊन घ्या."

मागून सरूबाई आली होती. तिनं मला समजावून सांगितलं, जसं मी रोग्याला औषध समजावते तसं. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत ती नवं लेकरू सुपात घालून दुसरीला विकते. किंमत सूपभर कोंडा, म्हणजे काहीच नाही. मग ते लेकरू घेणारीचं. खरी आई त्याला नुसतं सांभाळते. लेकरानं घेणारीला माय म्हणायचं आणि जन्म दिला तिला मावशी. पाच वर्षं निभली की आई गूळ देऊन ते परत मागते. घेणारीनं सुपात बसवून तोंडानं म्हणायचं, 'तुझं तुला दिलं.' त्या शब्दानंतर ते लेकरू आईला आई म्हणू शकतं. त्याआधी नाही. आधी म्हटलं तर मौत ऐकते.

"गावात इतक्या बायका आहेत," मी म्हटलं. "मीच का?"

आता हलीमाबी वळली. "तुमी इथल्या न्हाईत, बाई. मौतीला हितल्या साऱ्या घरांचा पत्ता हाय. तुमचा न्हाई."

मी हिशेबी बाई. हे चुकीचं आहे हे मला कळत होतं, आणि लेकरू दर आठवड्याला तराजूत घालायला मिळेल हेही कळत होतं. मी अटी घातल्या: दर शनिवारी वजन, पाणी उकळून, ताप आला तर गंडा नाही, क्विनीन. "बराबर," ती म्हणाली. "तुमचं लेकरू, तुमी म्हनाल तसं." मी दळणातला कोंडा सूपभर आणून दिला आणि लेकरू उचललं. त्याला कापसाचा आणि ओव्याच्या शेकाचा वास होता. वहीत नोंद केली: कोंडा, एक सूप, लेकराकरिता.

तिचं कागदावरचं नाव काही दुसरं ठेवायचं होतं, पण गाव तिला कोंडाच म्हणायला लागलं.

ती जगली. शनिवारच्या वजनांची ओळ माझ्या वहीत वर चढत गेली, आणि सहा वर्षांत माझ्या हातून घडलेली तेवढी एकच चढती ओळ आहे. ती कापसाच्या ढिगात झोपायची आणि शिंकत उठायची. डोक्यावर नवसाची, न कापलेल्या केसांची एक बट ठेवली होती, ती मोठी होऊन डोळ्यांवर यायची. माझी घंटा पळवायची. नारूवाल्यांच्या रांगेत बसून स्वतःच्या घोट्याला काडी बांधून घ्यायची आणि कण्हायची, इतकी हुबेहूब पाटलासारखी, की पाटीलसुद्धा हसायचे.

बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द माझ्याकडं पाहून उच्चारला. माय. त्या वेळी हलीमाबी दारात घागर उतरवत होती. तिनं घागर नीट खाली ठेवली, चुंबळ झटकली आणि म्हणाली, "झालं. शिकली पोरगी."

घरी ती हलीमाबीला 'खाला' म्हणायची. मावशीला त्यांच्यात खाला म्हणतात. "खाला, भूक." "खाला, उचल." हलीमाबी बाहेर कोणाच्या देखत तिला कधी जवळ घ्यायची नाही, पापा घ्यायची नाही. कोणी कौतुक केलं की मोठ्यानं म्हणायची, "काळी हाय, नकटी हाय. बाईंची हाय, माजी न्हाई." मौतीनं ऐकावं म्हणून. पण पिंजण चालू असलं की त्या आवाजाखाली ती लेकराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणायची. मी खिडकीतून पाहायची. ओठ हलताना दिसायचे. शब्द तातेच्या टंग-टंगीत बुडून जायचे, मुद्दाम बुडवलेले.

रविवारी आता वहीत 'हजर, दोन' लिहिलं जायचं. कोंडा बाकावर बसून पाय हलवायची आणि खालचा सूर मोठ्यानं, चुकीचा, म्हणायची.

चौथ्या वर्षी नगरहून मोठ्या बाई तपासणीला आल्या. त्यांनी दवाखाना पाहिला, उकळलेल्या पट्ट्या पाहिल्या, समाधान मानलं. मग जुन्या वह्या चाळल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय, कोंडा, लेकराकरिता?"

मी सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग हळू म्हणाल्या, "मुली, तू इथं त्यांना काही द्यायला आलीस. आणि चार वर्षांत त्यांनी तुला त्यांचं दिलं." नव्या विश्वासणाऱ्यांच्या रकान्यातल्या रेघा त्यांनी मोजल्या नाहीत, मोजल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना बजावलं: यात आणखी भाग घ्यायचा नाही. ते शब्द उच्चारायचे नाहीत. मुलगी आईचीच आहे, देणं-घेणं सगळं खोटं आहे, हे त्या बाईला नीट समजावून सांगायचं. मी 'होय' म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं.

चाळीस सालच्या दिवाळीनंतर कोंडाला पाच वर्षं पुरी झाली. त्या सकाळी हलीमाबीच्या अंगावर नवं लुगडं होतं. केसांतलं पीस धुऊन आली होती. पहिल्यांदाच मला तिचे केस काळे दिसले. एका हातात गुळाची भेली, दुसऱ्या हातात तेच सूप. इमामनं पिंजण बंद ठेवलं होतं. तो पागोटं बांधून रस्त्यात उभा होता. सरूबाई हळदकुंकवाच्या घरी जावं तशी नटून आली होती. हलीमाबीनं सूप माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि कोंडाला त्यात बसवलं. ती मावेना. पाय बाहेर लोंबत होते, आणि ती खदखदून हसत होती. "माय, म्या सुपात मावंना."

मी अंगणात आले आणि सगळ्यांसमोर बोलले. मला तीन मुद्दे पाठ होते. एक, लेकरू मुळात विकलंच गेलं नव्हतं. आई ती आई. दोन, ते जगलं ते उकळलेल्या पाण्यानं आणि क्विनीननं, कोंड्यानं नव्हे. तीन, जे माझं नव्हतंच ते मी परत देऊ कशी? देते म्हटलं तर खोटं बोलल्याचं पाप लागेल. "हलीमाबी, ती तुझीच आहे. पहिल्यापासून. आजपासून तिला आई म्हणू दे, काही होणार नाही."

हलीमाबीनं सगळं ऐकून घेतलं, मान न हलवता. मग म्हणाली, "तुमचं खरं आसंल, बाई. म्या कुठं न्हाई म्हन्ते. तीनच शब्द हाईत. म्हना, आन मंग काय ते समजावून सांगा. म्या दिवसभर आइकते."

"मला म्हणता येत नाही."

"घेताना आलं."

सरूबाईनं माझ्या दंडाला धरलं. "बाई, काहून अडवून राहिल्या? पाच वरसं झाली, माजी हलीमा खाला-खाला आइकून राहिली. तुमचं काय जातं?"

माझं काय जात होतं ते मला माहीत होतं. तीन मुद्दे मी मांडले आणि चौथा मांडला नाही. तो कुठल्या वहीतही लिहिला नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. ते शब्द म्हटले असते तर त्या अंगणात, त्या क्षणी, कोंडा वळून हलीमाबीला 'अम्मा' म्हणाली असती. आणि मला कोण काय म्हणालं असतं? बाई. गाव म्हणत होतं तेच. सहा वर्षांत त्या मुलखात माझं झालेलं एवढं एकच, आणि ते सुपात घालून परत करायचं. मोठ्या बाईंची आज्ञा माझ्या हाताशी होती. मी तिच्या आड उभी राहिले.

हलीमाबीनं कोंडाला सुपातून उचलून खाली ठेवलं. रागावून नाही. उन्हं बदलली की वाळवण उचलावं तशी. गूळ आणि सूप तिथंच राहिलं. इमामनं पागोटं सोडलं आणि ते गुंडाळत घराकडं गेला. थोड्या वेळानं पिंजण सुरू झालं. त्या दिवशी ठोके एकसारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घागरी दारात होत्या.

मग माघात माझा जुना हिवताप उलटला, आणि मंडळीनं हे ठाणं बंद करून मला परत बोलावलं. गाडीत सामान चढलं तेव्हा हलीमाबी नेहमीच्या वेळेला पायऱ्या चढून आली, डोक्यावर एक, काखेत एक. मी म्हटलं, "मी तर निघाले. आज पाणी कशाला?" ती म्हणाली, "रोजचं हाय." तिनं दोन्ही घागरी रिकाम्या घरात जागच्या जागी ठेवल्या आणि वर झाकण्या ठेवल्या. कोंडा तिच्या पदराआड होती. तिला मी हात केला. तिनंही केला, दुसऱ्या हातानं हलीमाबीचा पदर धरून. सूप मी सामानात घेतलं होतं. टाकवेना म्हणून घेतलं. परत करायला नेमकं तेच लागणार, हा विचार नगरला पोचल्यावर आला.

नगरला मुलींच्या वसतिगृहाचं काम मिळालं. तिथं मी चांगली निघाले. कोठी, दळण, पांघरुणं, परीक्षा. माझ्या याद्यांची उदाहरणं देतात. दर जानेवारीला नवी वही शिवते आणि राहिलेली कामं जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवते. एक्केचाळीस साली लिहिलं: हलीमाबीकडे जाणे. बेचाळीस सालीही लिहिलं. नंतर अक्षर बारीक होत गेलं. कधी लढाईमुळं गाड्या नाहीत, कधी गोवराची साथ, कधी इमारतीचं काम. सूप कोठीत खिळ्याला अडकवलं होतं. पावसाळ्यात त्याला ओलसर बांबूचा वास यायचा आणि मी त्यातून पाखडायला कोणाला देत नसे. यंदा भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं आणि मागोमाग इकडच्या मुसलमान घरांची खबर आली. तेव्हा मी रजेचा अर्ज लिहिला. त्यालाही तीन महिने लागले.

"गेले, बाई," सरूबाईनं आज सांगितलं. ती पार वाकली आहे. "भादव्यात. पिंजाऱ्यांची चार घरं व्हती, चारी गेली एका दिसात."

"कुठं?"

"कोन सांगतं? कोनी म्हन्तं हैदराबादेकडं. कोनी म्हन्तं वारंग्याच्या फाट्यावर गाड्या दिसल्या. पुढचं न्हाई ठाव."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"गाडीत बसताना म्या पाह्यलं. तवा व्हते."

तिनं मला तिच्या गोठ्यात नेलं. इमामचं पिंजण आढ्याला बांधलेलं होतं, माणसाएवढं लांब. जाताना तो ते तिच्याकडं ठेवून गेला. पाण्याचं भांडं ठेवायला दिल्यासारखं, म्हणाला, येऊन नेईन. तात उंदरांनी खाल्ली होती. नुसतं लाकूड. मी त्याला बोटानं टिचकी मारली, ते बद्द वाजलं.

"आन कोंडा?" मी विचारलं. मला कळलंही नाही की मी 'आन' म्हटलं.

"लई उंच झाली. हलीमावर गेली." सरूबाई गव्हाणीच्या काठावर बसली. "बट तशीच व्हती, कापली न्हाई. दोन सोयरिकी आल्या, हलीमानं परत पाठवल्या. म्हनली, दुसऱ्याची लेक म्या कशी देऊ." तिनं गव्हाणीतला कडबा सारखा केला. "त्या दिशी गाडी जुपली. समदे रडून राहिले. म्या पोरीला धरलं. म्हनलं, कोंडे, आता तरी तिला अम्मा म्हन. एकदा म्हन. पुढं कोनी देखलं? हलीमा गाडीत बसून आइकत व्हती, बाई. म्या तिचं तोंड पाह्यलं."

"मग?"

"पोरगी म्हनली, आज त न्हाईच म्हनायचं, सरूमावशी. आज मौत इथंच हुबी हाय. आइकंल."

गोठ्यात गाय रवंथ करत होती. बाहेर धोंडिराम बैलांशी काही बोलत होता.

"आन मंग म्हनली, माय येतील. त्येनी दिलं का म्हनीन. आन गाडीत चढली. खाला, सरक, म्हनली. हलीमा सरकली."

मी उठले. गाडीतून सूप आणलं, लुगडं सोडलं, आणि पिंजाऱ्याच्या बंद दारासमोर उंबऱ्यावर ठेवलं. त्याचा काठ एका बाजूनं उसवला आहे. भिंतीतले तंतू हलत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा ते तीन शब्द माझ्या तोंडाशी आले.

सरूबाई मागं येऊन उभी राहिली होती. "कोनाला देता, बाई?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. "दाराला? लेकरू सुपात पाहिजे. माय समोर पाहिजे. मंग शबूद."

मी तोंड मिटलं. विहिरीवर बायका होत्या. त्यांच्यातल्या कोणी मला ओळखलं नाही. एका मुलीनं सुपाकडं बोट करून विचारलं, बाई, इकायचं हाय का? नाही, मी म्हटलं.

मुक्काम सरूबाईच्या पडवीत. धोंडिरामाला सांगून ठेवलं आहे, उद्या दिवस उगवताना वारंग्याच्या फाट्याकडं निघायचं. रजा शनिवारपर्यंत आहे. बुरडाकडून सुपाचा काठ बांधून घेतला. सरूबाईच्या जात्याखालचा कोंडा झाडून एका पुरचुंडीत घेतला. लागत नाही, लागतो तो गूळ, तोही मी द्यायचा नसतो, पण घेतला. फाट्यावर कोणाला काय विचारायचं ते प्रश्न लिहून काढले, सात झाले. मग वहीचं पान उलटून चालू कामांची यादी केली. झालेल्यांपुढं खूण केली.

एकापुढं नाही: कोंडाला सुपात बसवणे, हलीमाबीकडे पाहून म्हणणे.